डाव्या हाताचा घोडा

घोड्यावर बसलो, पायडल दाबायला डावा पाय टेकवला, तर तिथं पायडल नव्हतं. करवत धरायला उजवा हात पुढं केला, तर तिथं करवतही नव्हती. दोन्ही वस्तू होत्या, नाही असं नाही. पायडल उजव्या पायाशी होतं आणि करवतीची मूठ डाव्या हाताशी. अडीच महिने घरच्या सोप्यात खपून मी जो घोडा उभा केला होता, तो सगळाच्या सगळा उलटा झाला होता.

माझी बायको हौसा हळदकुंकवाचं ताट आणि नारळ घेऊन शेजारीच उभी होती. नवं हत्यार, पूजा करायची म्हणून. तिला आधी काही कळेना. मी एकदा उजवा हात हवेत फिरवला, एकदा डावा पाय आपटला, आणि मग तिला जे हसू फुटलं म्हणता! ताटातलं कुंकू सांडलं. मी म्हटलं, हस, हस. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, हसशील नाहीतर काय.

घोडा म्हणजे काय ते आधी सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल हा म्हातारा टांग्याच्या घोड्याचं बोलतोय. आमचं काम लाकडाच्या चित्रांचं. लाकडाचे कागदासारखे पातळ पापुद्रे काढायचे, साग, शिसव, फणस, हळदू, ज्याचा जसा रंग तसा. त्यातून पानं, फुलं, पाखरं कापायची आणि एकात एक अशी बसवायची की मध्ये नखसुद्धा शिरू नये. गडहिंग्लजात हे काम करणारा मी एकटाच. हातकरवतीनं करायचो. बेळगावच्या राजाध्यक्ष साहेबांचं फर्निचरचं मोठं दुकान होतं, त्यांनी माझं एक तबक बघितलं आणि घरी आले. म्हणाले, मिस्त्री, हात बरा आहे, पण करवत डुलते. मग त्यांनी पिशवीतून एका परदेशी पुस्तकाचं पान काढून दिलं. त्यात बाकासारखं एक लाकडी यंत्र होतं. त्यावर दोन्हीकडं पाय टाकून बसायचं, पायानं चिमटा आवळायचा, त्यात पापुद्र्यांची गड्डी उभी धरायची आणि छातीसमोर आडवी करवत पुढंमागं ढकलायची. करवतीला दांड्याचा आधार, त्यामुळं ती रेघ सोडत नाही. साहेब म्हणाले, हे बनवा, यावर एक नमुना कापा. नमुना पसंत पडला तर आमच्या नव्या दिवाणखान्याची अख्खी भिंत तुमची, खाली नाव तुमचं.

नाव तुमचं! तोवर माझं नाव रेशनकार्डाशिवाय कुठं लागलेलं नव्हतं.

मग मी लागलो. बाभळीचा बाक केला. चिमट्याला चिंच घेतली, करवतीच्या चौकटीला धामणीचं लाकूड, कारण ते वाकतं पण मोडत नाही. सरकत्या दांड्याला जुन्या पंपाची पितळी सळई मिळाली. सगळी मापं त्या पानावरनं घेतलेली, दोऱ्याचा फरक नाही. आणि तरी उलटा.

आता ही चूक दुसऱ्या कुणाची झाली नसती, आमच्याच धंद्यातल्या माणसाची व्हायची. आमचे तुकडे कागदावर तोंड खाली करून चिकटवतात. पूर्ण झालं की पालथं केल्यावर चित्र दिसतं, म्हणजे डावीकडचं उजवीकडं जातं. म्हणून आम्ही कुठलंही चित्र हातात आलं की आधी पारदर्शक कागदावर उतरवतो, कागद पालटतो आणि उलट्या बाजूनं गिरवतो. बावीस वर्षं हेच केलेलं. साहेबांचं पान आलं, मी उतरवलं, पालटलं, गिरवलं. पुस्तकातल्या चित्रात घोड्यावर एक माणूस बसलेला होता. त्याचा हात बघितला असता तरी कळलं असतं. पण आपल्याला यंत्र करायचंय, माणूस कशाला, म्हणून मी त्याला गाळला होता.

मी चिडून उठलो आणि लाकडाच्या वखारीत जाऊन बसलो. दोन चहा झाले, वखारवाल्यानं चार लोकांना माझी फजिती सांगितली, मग घरी आलो. तर बाहेरूनच आवाज ऐकू आला, बारीक, एका लयीत. सोप्यात बघतो तर हौसा घोड्यावर. नऊवारीचा काष्टा खोवून ऐटीत बसलेली, डाव्या हातात करवत, उजव्या हातानं गड्डी फिरवतेय, जीभ जरा बाहेर. तिला माझी चाहूलसुद्धा लागली नाही.

हौसा मुळातली डावरी. लग्न होऊन आली तेव्हा माझ्या आईनं तिचा तो हात मोडून काढला होता. डाव्यानं वाढायचं नाही, डाव्यानं द्यायचं नाही, डाव्यानं देवाला हळदकुंकू तर नाहीच नाही. आई गेली तरी तो हात तसाच राहिला, घाबरलेला. लाटणं उजव्यात, झारा उजव्यात, आणि मग भजी कढईच्या बाहेर. आम्ही सगळे हसायचो. मीसुद्धा.

तिनं कापलेलं पान मी उचललं. शेवग्याचं पान होतं, हरभऱ्याच्या डाळीएवढं. कडेवरनं नख फिरवलं. कुठं अडलं नाही. मी परत फिरवलं, अडावं म्हणून.

"बरं झालंय का?" तिनं विचारलं.

"आमटी करपली का बघ जाऊन," मी म्हणालो.

आमटी चुलीवर नव्हतीच.

नमुना द्यायला महिनाभर होता. घोडा खोलून सुलटा करायला पंधरा दिवस गेले असते. मी विचार केला, तिला जमतंय तर कापू दे, चित्र माझं, लाकडाची निवड माझी, जुळवणं माझं, कापणं म्हणजे काय, कात्री चालवण्यासारखं. असं मी मनाला सांगितलं. मनाला काय, काहीही सांगावं.

चित्र शेवग्याच्या डहाळीचं होतं. शेवगा मी मुद्दाम घेतला होता, दोनशेबारा पानं, साहेबांचे डोळे दिपावेत म्हणून. हौसा रोज सकाळचं आवरून बसायची. पहिले दोन दिवस विचारून विचारून कापायची. तिसऱ्या दिवसापासनं विचारेना. आठव्या दिवशी मलाच शिकवायला लागली. म्हणाली, या वळणाला तुमची रेघ थरथरलीया, मी जरा आतनं घेते. आणि आतनं घेतलेलं वळण इतकं देखणं आलं की मला ते माझ्या चित्रात घालून घ्यावं लागलं. ती कापताना गुणगुणायची. लग्नाला अठरा वर्षं झाली होती, तिला गुणगुणताना मी कधी ऐकलं नव्हतं. चहा मागितला तर म्हणायची, एवढं पान होऊ द्या.

खोटं कशाला बोलू, मी जळत होतो. बाहेरचा कुणी असता तर गावभर त्याची निंदा करून मोकळा झालो असतो. पण ही घरातली. हिच्याविरुद्ध बोलायचं कुणाकडं? रात्री जेवायला तीच वाढणार. मी तिच्या पानांत खोट शोधायचो. एकदा सापडली, एका पानाचं टोक जरासं बोथट. मी ते तिला दिवसभर ऐकवलं. तिनं शांतपणे दुसरं कापून दिलं, आणि ते दुसरं बघून माझं डोकं आणखीच तापलं.

निम्मी डहाळी झाली आणि तिच्या बहिणीच्या बाळंतपणाचा निरोप आला. ती दहा दिवसांसाठी नेसरीला गेली. एसटीत बसवताना म्हणाली, "घोड्यावर धूळ बसू देऊ नका. पाती ढिली करून ठेवलीया."

मी घरी आलो आणि पाना घेऊन घोडा खोलायला बसलो.

जेवणखाण सोडून रात्रंदिवस राबलो, पंधरा दिवसांचं काम सहा दिवसांत उरकलं. दांडा या बाजूचा त्या बाजूला, पायडल इकडचं तिकडं, चिमट्याचा एक जबडा नवीन करावा लागला. मनाशी म्हणत होतो, घोडा माझ्यासाठी होता, चूक झाली होती, चूक सुधारतोय, यात कुणाचं काय गेलं? राहिलेल्या चार दिवसांत उरलेली निम्मी पानं मी उजव्या हातानं कापली. वाईट नव्हती. आजही म्हणतो, वाईट नव्हती. पण तिच्या पानांशेजारी ठेवली की ती नुसती पानं वाटायची आणि तिची वाऱ्यावर हलतात असं वाटायचं.

हौसा परत आली. पिशवी ठेवली, सोप्यात गेली. घोड्याभोवती एक फेरी मारली. करवतीची मूठ जिथं आधी होती तिथं हात नेला आणि मागं घेतला. मी वाट बघत होतो की ही आता भांडेल. भांडण्याची मी तयारीसुद्धा केली होती, उत्तरं पाठ होती. ती म्हणाली, पोरगी झाली बहिणीला, आणि चूल पेटवायला गेली.

चार दिवसांनी साहेब आले. नमुना खिडकीशी नेला, चष्मा कपाळावर चढवला, आणि किती तरी वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "मिस्त्री, यात दोन हात आहेत."

मी म्हटलं, नाही साहेब, एकच. वरच्या भागाला पाती नवी होती एवढंच.

साहेब जुने जाणते. पान कापताना पाती जिथं शिरते आणि फिरून जिथं येऊन मिळते तिथं केसाएवढी खूण राहते. खालच्या पानांना ती देठाच्या एका बाजूला होती, वरच्या पानांना दुसऱ्या. त्यांनी पेन्सिलीच्या टोकानं मला ती दाखवली. म्हणाले, हे वरचं काम डावऱ्या माणसाचं आहे. आणि मला हवंय ते हेच. खालचं चांगलं आहे, तसं मला बेळगावात मिळतं. हे कुणी केलं?

आता हे सगळं चाललंय तेव्हा हौसा चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. साहेबांना उत्तर द्यायचं तर एक शब्द पुरला असता. त्या शब्दानं साहेबांच्या भिंतीवरचं माझं नाव गेलं असतं, दुसऱ्या कुणाचं नव्हे, माझ्याच बायकोचं लागलं असतं. मी म्हणालो, "मीच. मी दोन्ही हातांनी कापतो."

साहेबांनी माझ्याकडं बघितलं, मग तिच्याकडं. "काय वहिनी, खरं का?"

मी तिच्याकडं बघितलं. कसं बघितलं ते मला सांगता येणार नाही. कुत्रं ताटाकडं बघतं तसं बघितलं असणार.

"व्हय," ती म्हणाली. "घोडा आधी उलटाच झाला हुता. तवा त्यांनी डाव्या हातानं कापलं. लई चिकाटीचा माणूस हाय."

साहेबांनी चहा घेतला आणि भिंतीचं काम देऊन गेले. पाच फूट उंचीचा पूर्ण वाढलेला शेवगा, शेंगा, फुलं, दोन बुलबुल. आणि जाताना अट घालून गेले, की हे सगळं डाव्या हातानं कापायचं.

गाडी वळली तसा मी हौसाला म्हणालो, घोडा परत फिरवतो, तू बस. ती कप गोळा करत होती.

"मी कशाला?" ती म्हणाली. "तुम्ही दोन्ही हातांनी कापता की."

पुन्हा पाना, पुन्हा सहा दिवस. घोडा डावा झाला आणि मी त्यावर बसलो. सव्वा महिना बसलो. डाव्या हातानं कधी दात घासून बघा, म्हणजे कळेल. पात्या फरशीवर तुटून पडायच्या, एका सकाळी सात तुटल्या. पानं कापायचो ती उंदरानं कुरतडल्यासारखी. हौसा येता-जाता बघायची, तुकडे झाडून भरायची, आणि चुलीत घालायची. टोमणा नाही, काही नाही. एक टोमणा मारला असता तर मला बरं वाटलं असतं.

शेवटी एका दुपारी मी करवत ठेवली आणि म्हणालो, "हौसा, माझ्याच्यानं होत नाही. तो हात तुझा आहे."

ती पदराला हात पुसत बाहेर आली. म्हणाली, हे मला कशाला सांगता, मला ठावं हाय. साहेबांना कळवा, मग बसते.

मी तिच्यासमोर पोस्टकार्ड लिहिलं. नमुन्याच्या वरच्या भागाचं काम माझी पत्नी सौ. हौसाबाई हिच्या हातचं आहे, मी आपल्याशी खोटं बोललो, भिंतीचं कामही तीच करेल, नाव तिचं लावावं. हौसा चौथी शिकलेली. तिनं कार्ड बोट ठेवून वाचलं, सबंध, दोनदा. "खोटं बोललो" याच्यावर तिचं बोट थांबलं. म्हणाली, एवढं नसतं लिवलं तरी चाललं असतं. मी म्हणालो, राहू दे. त्या घटकेला मी खरंच लिहिलं होतं, ते तरी माना.

पोस्टाची पेटी एसटी स्टँडासमोर. मी कार्ड घेऊन निघालो तेव्हा टाकायचंच होतं. पण स्टँडवर वखारवाला भेटला, ज्यानं माझी फजिती सगळ्यांना सांगितली होती तोच. त्यानं खांद्यावर हात टाकला आणि तिथल्या लोकांना सांगितलं, हा आमचा दिनकर मिस्त्री, डाव्या हातानं नक्षी कापतो, बेळगावात भिंतीवर नाव लागणार याचं. लोकांनी माझ्याकडं बघितलं. एका म्हाताऱ्यानं तर माझा डावा हात हातात घेऊन उलटापालटा करून बघितला. ते गेल्यावर मी पेटीपाशी उभा राहिलो. कार्ड अर्धं आत घातलं. मग बाहेर काढलं आणि बंडीच्या आतल्या खिशात ठेवलं.

घरी आल्यावर हौसानं विचारलं, टाकलं? मी म्हणालो, टाकलं. दुसऱ्या दिवशी सरस तापवायला शेगडी पेटवली तेव्हा ते तिच्यात गेलं.

त्यानंतरचे अडीच महिने मला विसरता येत नाहीत. हौसा पहाटे उठून स्वयंपाक उरकायची आणि उजाडलं की घोड्यावर. तिनं माझी चित्रं बदलली, मी बदलू दिली. बुलबुलाच्या शेपटीखालची लाल पिसं तिनं पतंगाच्या झाडाच्या लालभडक लाकडातनं काढली, ते लाकूड मला सुचलं नसतं. डाव्या हातानं ताक घुसळायला लागली, डाव्या हातानं वाढायला लागली. शेजारणी म्हणाल्या, हे काय गं, तर म्हणाली, आता साहेबांनाच कळवलंय, तुमचं काय घेऊन बसलाय. मधून मधून विचारायची, पत्राला उत्तर आलं का. मी म्हणायचो, मोठी माणसं, काम बघून उत्तर देतात. आणि काम बघता बघता माझा जीव तुटायचा. इतकं सुंदर काम माझ्या घरात, माझ्या डोळ्यांसमोर होत होतं, आणि ते मी केलेलं नव्हतं. ती आजारी पडावी असंही एकदा मनात आलं. हे मी आज पहिल्यांदा सांगतोय. या सगळ्याला आता चाळीसच्या वर वर्षं झाली.

काम पुरं झालं. मी जुळवलं, चिकटवलं, पालथं केलं, आणि शेवगा सोप्यात उभा राहिला. आम्ही दोघं बघत उभे होतो. ती म्हणाली, "वारं सुटल्यागत वाटतंय नव्हं?"

दुसऱ्या दिवशी साहेबांचा टेम्पो आला. ड्रायव्हरनं एक पाकीट दिलं आणि म्हणाला, साहेबांनी ही पट्टी कामावरच ठोकून पाठवायला सांगितलंय, आणि तो हातपाय धुवायला विहिरीवर गेला. पाकीट हौसानं उघडलं. आत वीतभर पितळी पट्टी, अक्षरं कोरलेली. दिनकर गोविंद सुतार, गडहिंग्लज. बरोबर चार बारीक खिळे, कागदात बांधलेले.

तिनं बोट ठेवून वाचलं. परत वाचलं. पाकिटात हात घालून बघितलं, आणखी काही आहे का म्हणून.

"पत्र पोचलं न्हाई?"

"पोस्टाचा काय भरवसा," मी म्हणालो.

ती माझ्याकडं बघत राहिली. मी विहिरीकडं बघत होतो. ड्रायव्हर अजून यायचा होता. एवढ्या वेळात सांगता आलं असतं, एक पोस्टकार्डभर बोलायचं होतं. मी हातोडी शोधायला लागलो.

हातोडी तिनंच आणून दिली. मी शेवग्याच्या बुंध्याखाली पट्टी ठेवली, पण गुळगुळीत लाकडावर ती सारखी सरकायची. हौसा शेजारी गुडघ्यावर बसली. डावा हात पट्टीवर ठेवून, पसरून, तिनं ती घट्ट दाबून धरली.

"ठोका," ती म्हणाली.

मी चारही खिळे ठोकले.